यंत्र चालू, बाजार बंद

नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने २४ फेब्रुवारी २०२१ रोजी काढलेले निवेदन मोजक्या ओळींचे आहे. सर्व विभाग ११:४० वाजता बंद केले आहेत. दोन दूरसंचार कंपन्यांच्या लाइन घेतलेल्या असूनही दोन्हींकडे बिघाड आहे. एवढेच वाचले तर वाटते, तार तुटली आणि बाजार थांबला. एक्स्चेंजचाच मार्चमधला सविस्तर खुलासा शेजारी ठेवला की हे चित्र टिकत नाही.

खुलाशानुसार सौदे जुळवणारी यंत्रणा व्यवस्थित चालू होती. बिघाड होता मुख्य केंद्र आणि जवळचे पर्यायी केंद्र यांना जोडणाऱ्या लाइनमध्ये. वाटेत रस्त्यालगत खोदकाम आणि बांधकाम सुरू होते. या लाइनवरून माहितीची प्रत दुसऱ्या केंद्राच्या साठवण यंत्रणेत, म्हणजे सॅनमध्ये, जात असे. लाइन गेली तरी मुख्य केंद्रातले सॅन चालू राहील, अशी रचना होती. प्रत्यक्षात तिथल्याच सर्व्हरना ते मिळेनासे झाले. सौद्यांची पूर्तता करणाऱ्या एनएसई क्लिअरिंग या एक्स्चेंजच्या कंपनीची जोखीम-नियंत्रण यंत्रणा त्यामुळे बसली, निर्देशांकाचे आकडे अडले. जोखीम मोजता येत नसताना सौदे घेत राहणे धोक्याचे, म्हणून धडधाकट यंत्रणा हाताने थांबवावी लागली.

दोन केंद्रांमधली लाइन तुटली की संगणकशास्त्रातला एक जुना पेच उभा राहतो. पलीकडून उत्तर येईना, तर पलीकडचे यंत्र मेले की मधली वाट तुटली, हे अलीकडच्या यंत्राला कळत नाही. दोघांनीही कारभार हाती घेतला तर एकाच खात्याचे दोन हिशेब होतात. दोघेही थांबले तर सेवा ठप्प. निरोपाला किती वेळ लागेल याची हमी नसलेल्या जाळ्यात एक यंत्र जरी बंद पडू शकत असेल, तरी एकमताची खात्री देणारी ठरावीक रीत असू शकत नाही, हे फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ मध्ये सिद्ध केले. तुषार चंद्रा आणि सॅम टौएग यांनी १९९६ मध्ये वाट दाखवली: बिघाड ओळखणारा मधूनमधून चुकला तरी चालेल, पण काही किमान अटी त्याने पाळल्या पाहिजेत.

मग मुख्य केंद्र अडले असताना एक्स्चेंजचे चेन्नईतले आपत्कालीन केंद्र का सुरू केले नाही? बाजार नियामक सेबीने त्याच दिवशी एक्स्चेंजकडे याचा खुलासा मागितला. माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका कागद मात्र सेबीचे २२ मार्च २०२१ चे परिपत्रक. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली की ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत काम पूर्ववत करायचे. कारण सापडो न सापडो, घड्याळ पाहून निर्णय घ्यायचा. यंत्रे उत्तराची वाट पाहण्यासाठी जी मुदत ठेवतात, तीच इथे अधिकाऱ्यांना घालून दिली आहे, आणि ती योग्यच आहे.

त्या दिवशी व्यवहार ३:४५ ला सुरू होऊन ५ पर्यंत चालले. व्यवहार पुन्हा सुरू होणार, ही घोषणा झाली बाजार बंद होण्याची नेहमीची ३:३० ची वेळ अगदी तोंडावर आल्यावर. तोवर अनेक ब्रोकरांनी ग्राहकांचे इंट्राडे सौदे, चालू असलेल्या मुंबई शेअर बाजारात, मिळेल त्या भावाने मिटवून टाकले होते. वाशिममध्ये घरी बसून मोबाइलवर सौदा केलेल्या माणसाला सॅन काय आणि क्लिअरिंग काय. बाजार पुन्हा उघडला तेव्हा मिटलेला सौदा परत आणायची सोय त्याच्याकडे नव्हती.