अवसाद, दुःसाध्य व सहविकार

अवसाद, दुःसाध्य व सहविकार : नेहमीच्या उपचारांना दाद न देणारा अवसाद व त्याच रुग्णात आढळणारे अन्य मानसिक विकार. दोन भिन्न अवसादरोधी औषधे पुरेशा मात्रेत व पुरेसा काळ देऊनही गुण न आल्यास अवसाद दुःसाध्य मानण्याचा प्रघात आहे.

मध्य प्रांताची राजधानी असलेल्या नागपुरात १८६४ मध्ये वेड्यांचे इस्पितळ स्थापन झाले. काटोलसारख्या तालुक्यांतील रुग्णांनाही उपलब्ध असलेल्या या संस्थेचे पुढे प्रादेशिक मनोरुग्णालय झाले. १८५८ व १९१२ च्या कायद्यांचा मुख्य भर रुग्णास ताब्यात ठेवण्यावर होता. विकारांच्या सूक्ष्म निदानास त्यांत फारसे स्थान नव्हते.

जर्मन मानसोपचारज्ञ एमील क्रेपेलीन (१८५६–१९२६) यांनी १८९९ मध्ये उद्दीपन व अवसाद यांना एकाच चित्तविकृतीत गोवले. रोम येथे १९३८ मध्ये विद्युत् आघात उपचार सुरू झाला व १९५७ मध्ये स्विस मानसोपचारज्ञ रोलांड कून यांनी इमिप्रामीन या औषधाचा अवसादावरील गुण प्रसिद्ध केला. औषधास न जुमानणारा रुग्ण ही स्वतंत्र समस्या त्यानंतरच स्पष्ट झाली.

एका रुग्णास एकच प्रमुख निदान देण्याची परंपरा या समस्येच्या आकलनात अडसर ठरली. अमेरिकन वैद्य ॲल्व्हन फाइनस्टीन यांनी १९७० मध्ये सहविकाराची संज्ञा रूढ केली. १९८७ च्या अमेरिकन निदानसंहितेने एका विकारामुळे दुसऱ्याचे निदान वगळणारे अनेक नियम शिथिल केले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सु. ७०० रुग्णांच्या यूरोपीय अभ्यासात दुःसाध्यतेशी चिंताविकाराचा संबंध सर्वांत ठळक दिसला. भयाचे तीव्र झटके, समाजभीती व व्यक्तिमत्त्वविकार यांचाही संबंध आढळला. मद्यासक्तीही अनेकदा अवसादाआड दडलेली असते. मूळ विकार उद्दीपन–अवसाद चित्तविकृतीचा असल्यास केवळ अवसादरोधी औषधाने उद्दीपन उफाळण्याचा धोका असतो.

ग्रामीण विदर्भात मात्र पहिला उपचार मिळण्याचाच प्रश्न मोठा आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. तरीही काटोलच्या शेजारील अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत ‘विश्राम’ कार्यक्रमापूर्वी अवसादग्रस्तांपैकी केवळ ४·३ टक्के लोक आरोग्यसेवेपर्यंत पोहोचत असल्याचे आढळले. गावातच समुपदेशन व वैद्यकीय साहाय्य उपलब्ध केल्यावर दीड वर्षाने हे प्रमाण २७·२ टक्के झाले. त्यामुळे एखाद्या रुग्णाचा अवसाद दुःसाध्य ठरविण्यापूर्वी त्याला पुरेसा उपचार मिळाला काय आणि दुसरा विकार अनोळखी राहिला काय, हे दोन्ही तपासणे आवश्यक ठरते.