धान्यटंचाईतून सापडलेली आघाडी

हवामानशास्त्रातल्या ‘आघाडी’चे, म्हणजे उबदार आणि थंड हवेमधल्या सीमारेषेचे, श्रेय सहसा एका घराण्याला दिले जाते: वडील विल्हेल्म बियेर्कनेस आणि मुलगा याकोब. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. माझ्या मते ही कल्पना रुजली ती टंचाईमुळे. पहिल्या महायुद्धात नॉर्वे तटस्थ होता, तरी धान्याची आयात रोडावली आणि ब्रिटनकडून येणाऱ्या हवामानाच्या तारा बंद पडल्या. नॉर्वेची वादळे पश्चिमेच्या समुद्रावरून येतात, त्यामुळे त्यांची वर्दीच थांबली. 1917 मध्ये लाइपझिगहून बर्गनला आलेल्या विल्हेल्म यांनी सरकारला पटवले, की शेतकऱ्यांना पावसाचा अंदाज हवा असेल तर देशातच निरीक्षक वाढवावे लागतील. 1918 च्या उन्हाळ्यात दक्षिण नॉर्वेतली केंद्रे जवळजवळ दहापट झाली. दीपगृहांचे रखवालदारही नोंदी पाठवू लागले.

नोंदी दाट झाल्या आणि एरवी गोल भोवऱ्यासारखे काढले जाणारे वादळ नकाशावर दुभंगले. 1919 च्या अवघ्या आठ पानी निबंधात विशीतल्या याकोबने त्यात दोन रेषा दाखवल्या. पुढच्या रेषेवर उबदार हवा जड, थंड हवेवर सावकाश चढते. आधी विरळ तंतुमय ढग येतात, मग दाट थर, मग तासन्‌तास रिपरिप. मागच्या रेषेवर थंड हवा पाचरीसारखी खाली घुसते. सोसाट्याचा वारा दिशा बदलतो, जोराची सर कोसळते आणि पारा झपकन उतरतो. त्याच वर्षी बर्गनमधला त्यांचा सहकारी तोर बर्गेरॉन याच्या लक्षात आले, की मागची रेषा पुढचीला गाठते, उबदार हवा जमिनीवरून उचलली जाते आणि वादळ म्हातारे होते.

हे आधी कोणाला दिसलेच नव्हते का? दिसले होते. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ नेपियर शॉ आणि लेम्पफर्ट यांनी 1906 मध्येच हवेच्या प्रवाहांचा माग काढला होता. लाइपझिगला हर्बर्ट पेट्झोल्ड अशाच रेषांवर काम करत होता. 1916 मध्ये तो व्हर्दूनला मारला गेला आणि त्याचे काम याकोबने उचलले. म्हणजे बीज जुनेच होते. पण विरळ नोंदींतून निवडक वादळांचा अभ्यास होतो, रोजच्या नकाशावर रेघ ओढता येत नाही. बर्गनने ती ओढली. अर्थात ही रेघ ध्रुवीय आणि उपोष्ण वायुराशी जिथे भिडतात, त्या मध्य अक्षांशांची आहे. मुंबईच्या जूनमधल्या पावसाला ती लावू नये.