टाचेखालचं लॉक

गेल्या आषाढात आमची जीप भोरच्या पुढे, नीरा-देवघरच्या वरच्या अंगाला एका चढावर रुतली. मागच्या सीटवर आजी होती. सकाळी अंगणात घसरून तिचं मनगट मोडलं होतं आणि तिला भोरला डॉक्टरकडे न्यायचं होतं. मी नेमका सुट्टीसाठी आजोळी आलेलो. "आपली गाडी फोर-बाय-फोर आहे, काळजी करू नका," असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं.

पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक चिखलात गरगरत होतं. उरलेली दोन चाकं चांगल्या टणक मुरुमावर होती आणि ती तसूभरही हलत नव्हती. मी ॲक्सिलरेटर जितका दाबत होतो, तितकी फिरणारी चाकं आणखी खोल जात होती. आजी काही बोलत नव्हती. फक्त प्रत्येक हिसक्याला तिचा श्वास अडकत होता.

शेवटी मामा ट्रॅक्टर घेऊन आला. साखळी लावली. ओढताना ट्रॅक्टरचंही एक चाक जागेवर फिरायला लागलं. मामानं क्लच दाबून चाक थांबवलं, उजव्या पायाची टाच सीटजवळच्या एका छोट्या पेडलवर रोवली आणि क्लच सोडला. या वेळी दोन्ही मोठी चाकं एकदम फिरली आणि आम्ही वर आलो.

"काय केलंस?"

"लॉक दाबला. तुझ्या गाडीला न्हाई का?"

नव्हता. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी सगळ्यांना असतं तसं मेकॅनिकल मलाही होतं. डिफरन्शियलची आकृती मी परीक्षेत काढली होती, गुणही मिळवले होते. पुढची सगळी वर्षं कोड लिहिण्यात गेली. त्या दिवशी मात्र ठरवलं, की पुढच्या पावसाळ्याआधी गाडीला लॉक बसवायचा. कोणता बसवायचा हे शोधायला बसलो आणि जवळपास दोनशे वर्षं मागे गेलो.

गल्लीतलं वळण

आधी हे कळायला हवं, की डिफरन्शियल मुळात लागतं कशाला. त्यासाठी भोरला जायची गरज नाही. आमच्या नारायण पेठेतली कोणतीही गल्ली पुरते.

लक्ष्मी रस्त्यावरून गल्लीत काटकोनात वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर जावं लागतं. किती जास्त? माझ्या जीपच्या दोन चाकांमध्ये साधारण १.३ मीटर अंतर आहे. काटकोनाच्या वळणात बाहेरचं चाक सुमारे दोन मीटर जास्त चालतं. गंमत म्हणजे वळण लहान असो वा मोठं, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जखडली, तर ही दोन मीटरची तफावत टायर घासून भरून काढावी लागेल. टायर झिजतील, गाडी वळायला नकार देईल आणि कोरड्या, पक्क्या रस्त्यावर सगळा ताण ॲक्सलवर येईल.

बैलगाडीला ही अडचण कधी आली नाही, कारण तिची चाकं आसावर सुटी फिरतात. जोर बैलांचा असतो, चाकांनी फक्त मागे यायचं. इंजिन आल्यावर जोर चाकांतूनच द्यावा लागला आणि मग प्रश्न उभा राहिला. १८२०च्या दशकाच्या अखेरीस ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीनं वाफेच्या गाडीसाठी यावर दातेरी चाकांची युक्ती काढून पेटंट घेतलं. १८७७मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत जेम्स स्टार्लीनं तीच कल्पना तीनचाकी सायकलला लावली. तो आणि त्याचा मुलगा शेजारी-शेजारी बसून पेडल मारत होते, मुलाचा जोर जास्त पडला आणि गाडी खड्ड्यात गेली, त्यातून त्याला हे सुचलं, असं सांगतात.

पुण्यातही या प्रश्नाला बगल देणारी एक गाडी होती. नवलमल फिरोदिया यांनी १९५८मध्ये बजाज टेंपो कंपनी सुरू केली. जर्मनीच्या विडाल अँड सोन टेंपो वेर्के या कंपनीच्या सहकार्यानं तिनं हान्सीट नावाची तीनचाकी आणली. या गाडीचं इंजिन पुढचं एकच चाक फिरवायचं. जोर देणारं चाकच एक, त्यामुळे वाटणीचा वाद नाही. ही गाडी आपल्याकडे इतकी रुजली, की 'टेंपो' हे ब्रँडचं नाव न राहता मराठीत मालवाहू गाडीचंच नाव झालं. घर बदलताना आपण अजूनही टेंपोच बोलावतो, मग तो कोणत्याही कंपनीचा असो.

सारखी वाटणी

मग माझी जीप का अडकली? कारण डिफरन्शियल वेग वेगवेगळा घेऊ देतं, पण जोर दोन्ही चाकांना सारखाच देतं.

ऐकायला हे न्याय्य वाटतं. पण चिखलातल्या चाकाला फिरायला नावापुरता जोर पुरतो, कारण त्याला कोणी अडवतच नाही. 'सारखं' म्हणजे टणक जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच नावापुरता जोर. त्यात गाडी हलत नाही. थोडक्यात, सगळ्यात दुबळ्या चाकाला जेवढं झेपेल, तेवढंच दुसऱ्याला मिळतं. माझ्यासारख्या जुन्या फोर-बाय-फोरमध्ये पुढे एक आणि मागे एक असे दोन डिफरन्शियल असतात. दोन्हीकडचं एकेक चाक घसरलं, की संपलं. चारांपैकी दोन चाकं चांगल्या जमिनीवर असूनही गाडी जागेवर.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपची हीच गत होती. विलीज आणि फोर्डनं मिळून अशा सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. वजन कमी, उंची बऱ्यापैकी, चारही चाकांना जोर, पण डिफरन्शियल दोन्हीकडे साधंच. रुतली तर चार सैनिक उतरून ढकलतील, एवढी ती हलकी होती. युद्धानंतर महिंद्रानं मुंबईत याच जीपची जोडणी सुरू केली आणि तहसीलदारापासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत ती सगळीकडे पोचली. रुतणं आणि ढकलणं हा तिच्या वापराचाच भाग झाला. पण मागे मोडक्या मनगटाची आजी असेल, तर ढकलणार कोण?

पाच उत्तरं

या सारख्या वाटणीवर गेल्या नव्वद वर्षांत निरनिराळी उत्तरं निघाली. माझ्यासमोरची यादी तीच होती.

पहिलं उत्तर शर्यतीतून आलं. १९३०च्या दशकात फर्डिनांड पोर्शनं ऑटो युनियनची रेसिंग कार बनवली. तिच्या प्रचंड ताकदीपुढे वळणावर एक चाक नुसतंच फिरायचं. झेडएफ या जर्मन कंपनीनं तिच्यासाठी घसरण रोखणारं डिफरन्शियल तयार केलं. हेच लिमिटेड स्लिप. त्याच्या एका रूढ प्रकारात क्लचच्या चकत्या दोन्ही चाकांना थोडं एकमेकांशी धरून ठेवतात. वापर सोपा, चालकाला काही करावं लागत नाही. पण पकड अर्धवटच, आणि चकत्या झिजतात.

दुसरं, व्हर्नन ग्लीसमननं १९५८मध्ये पेटंट घेतलेलं टॉर्सन. यात मळसूत्री गिअर असतात. घसरणाऱ्या चाकाला जेवढा जोर लागतो, त्याच्या काही पट दुसऱ्याला मिळतो. रस्त्यावर उत्तम. पण एक चाक पूर्ण हवेत गेलं, तर शून्याची कितीही पट शून्यच.

तिसरं, आपोआप लागणारं लॉक. ईटन कंपनीचं असं डिफरन्शियल १९७३पासून जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये आलं. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडला, की आतली वजनं बाहेर फेकली जातात, खटका अडकतो आणि दोन्ही चाकं एक होतात. वेग वाढलेला असेल तर ते लागतच नाही. २०१५च्या थारला मागच्या बाजूला ईटनचंच असं डिफरन्शियल मिळालं. पण ते लागायला आधी चाक घसरावं लागतं. म्हणजे थोडं रुतल्यावरच मदत येते.

चौथं, चालकाच्या हातातलं लॉक. ऑस्ट्रेलियाच्या एआरबीनं १९८७पासून हवेच्या दाबावर चालणारं लॉकर विकायला घेतलं. बटण दाबलं की शंभर टक्के लॉक, सोडलं की साधं डिफरन्शियल. आणि इथे टेंपोची गोष्ट पुन्हा पुण्यात येते. बजाज टेंपोचं २००५मध्ये फोर्स मोटर्स झालं. एकाच चाकाला जोर देणाऱ्या तीनचाकीपासून सुरुवात केलेल्या या कंपनीच्या गुरखा गाडीत आज पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शियलचे लॉक चालकाच्या हाताशी आहेत.

पाचवं माझ्या धंद्यातलं, सॉफ्टवेअरचं. चाकावरचे सेन्सर घसरण ओळखतात आणि संगणक फक्त त्या चाकाला ब्रेक लावतो. फिरणाऱ्या चाकाला अडवलं, की त्याला जास्त जोर लागतो आणि सारख्या वाटणीच्या नियमानं तेवढाच जोर दुसऱ्याकडे जातो. २०२०च्या थारमध्ये हे आलं. मला ते फार आवडलं. पण माझ्या जुन्या जीपला ना सेन्सर, ना संगणक.

मामाला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो हसला. "अरे, मग ट्रॅक्टरला दोन ब्रेक कशाला असतात?" ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाची ब्रेकची पेडलं वेगवेगळी असतात. रस्त्यावर ती एकत्र अडकवायची, शेतात सुटी करायची. वाफ्याच्या टोकाला झटकन वळायला ती लागतात. आणि एक चाक फिरायला लागलं, तर फक्त त्याच बाजूचा ब्रेक दाबायचा. गुरखाचं लॉक आणि थारचं सॉफ्टवेअर, दोन्हींचं काम मामाचे पाय भातखाचरात कधीपासून करत होते.

निवड

यादी घेऊन बसलो तेव्हा मी एकच प्रश्न विचारत होतो, चिखलात सगळ्यात भारी काय? उत्तर सोपं होतं, कायमचं जखडून टाकायचं. काही जण डिफरन्शियलला सरळ वेल्डिंग करतात. पण माझी गाडी वर्षातले बहुतेक दिवस नारायण पेठेत असते. तिला आधी गल्लीत वळता यायला हवं. आजोळचा तो चढ वर्षातून मोजक्या वेळा येतो. मला गाडीत दोन्ही हवं होतं, आणि कधी काय हवं ते ठरवण्याची जबाबदारीही घ्यावी लागणार होती. म्हणून मागच्या ॲक्सलला बटणाचं लॉकर घेतलं. पुढे बसवलं नाही, कारण पुढची चाकं लॉक असताना स्टिअरिंग वळवणं अवघड होतं.

यंदा ज्येष्ठात पहिला पाऊस झाल्यावर गेलो. चढाच्या आधी थांबलो, बटण दाबलं आणि जीप हळूहळू, न घसरता वर आली. मी इतका खूश झालो, की लॉक सोडायचंच विसरलो. पुढच्या वळणावर स्टिअरिंग फिरवलं, पण गाडी सरळ बांधाकडे निघाली. ब्रेक दाबला, थोडक्यात वाचलो.

तेव्हा मामाच्या पेडलचं खरं शहाणपण कळलं. त्याला स्प्रिंग आहे. टाच उचलली, की लॉक सुटायच्या मार्गाला लागतं. लॉक ठेवायचं तर पाय ठेवावा लागतो, विसरलात तर गाडी आपोआप साधी होते. माझं बटण मात्र मी सांगेपर्यंत तसंच राहतं. कोड लिहिताना आम्ही या गोष्टीवर तासन् तास वाद घालतो. कोणी काहीच केलं नाही, तर यंत्रानं कोणत्या स्थितीत असावं? ट्रॅक्टर बनवणाऱ्यांनी ते एका स्प्रिंगमध्ये सोडवलं होतं.

आजीचं मनगट आता बरं आहे. चढ संपला की ती मागच्या सीटवरून विचारते, "सोडलंस का रे ते?"