आधी हमी, मग सही

‘बाबासाहेबांनी स्वराज्यात अडथळा आणला’ हा आरोप दर सप्टेंबरात, पुणे कराराची तारीख आली की, पुन्हा वर येतो. अडथळा म्हणजे काय, तर त्यांनी आधी हमी मागितली.

१९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रेट्टमलई श्रीनिवासन यांनी अल्पसंख्याक उपसमितीपुढे एक मसुदा ठेवला. त्यांनी स्वराज्याला नकार दिला नव्हता. स्वतंत्र भारतात बहुसंख्याकांची सत्ता आम्ही कोणत्या अटींवर मान्य करू, हे त्यात आठ कलमांत लिहिले होते : समान नागरिकत्व, कायदेमंडळात आणि नोकऱ्यांत पुरेसे प्रतिनिधित्व, मंत्रिमंडळात स्थान वगैरे. सामाजिक बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा ठरवा, हीही मागणी होती आणि त्यासाठी ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या कायद्याचा आधार घेतला होता. भाषणात सदिच्छा कितीही असोत, त्या कायद्यात उतरल्याशिवाय संमती नाही, असा हा रोख.

युरोपात हेच घडले तेव्हा त्याला कुणी देशद्रोह म्हटले नाही. २००८ मध्ये आयर्लंडच्या जनतेने लिस्बन करार सार्वमतात नाकारला. कर, लष्करी तटस्थता, गर्भपात याबाबतचे आपले कायदे अबाधित राहतील अशी कायदेशीर हमी जून २००९ मध्ये मिळाली, तेव्हा ऑक्टोबरात दुसऱ्या सार्वमताने होकार दिला. जर्मनीच्या घटना न्यायालयाने तर ३० जून २००९ रोजी स्पष्ट सांगितले की, संसदेचे अधिकार राखणारा कायदा आधी देशात करा, त्याशिवाय मंजुरीचा कागद पाठवू नका. सप्टेंबरात तो कायदा झाला आणि मगच कागद गेला. या देशांना वेळ होता. बाबासाहेबांना २० सप्टेंबर १९३२ पासून येरवड्यातल्या उपोषणाचे तास मोजत वाटाघाटी कराव्या लागल्या.

म्हणून २४ सप्टेंबरचा करार कलमागणिक वाचला पाहिजे. स्वतंत्र मतदारसंघ आणि त्याबरोबरचे दुहेरी मत गेले, हे नुकसान मोठेच. पण प्रांतिक कायदेमंडळांतल्या १४८ जागा आकड्यात लिहिल्या होत्या. राखीव जागा १९३५ च्या कायद्यात आल्या आणि १९३७ मध्ये माणसे निवडून गेली. याउलट शिक्षणासाठी ‘पुरेशी’ रक्कम आणि नोकऱ्यांत ‘योग्य’ प्रतिनिधित्वासाठी प्रयत्न, असे मोघम शब्द होते. पुरेशी म्हणजे किती, हे कोण ठरवणार? राखीव जागा कधी संपवायच्या याचा निर्णय दलितांच्या सार्वमताने व्हावा, ही बाबासाहेबांची मागणीही शेवटी ‘परस्पर संमती’वर सोडली गेली. आकडा होता तिथे पदरात काही पडले, विशेषण होते तिथे वाट पाहणे आले.

आमच्या नेवासा तालुक्यात हा फरक पुस्तकातला नाही. १ जानेवारी २०१३ रोजी सोनई परिसरात मेहतर समाजातल्या तीन तरुणांचे खून झाले. २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. तो निकाल कोर्टातून आला, गावबैठकीतून नव्हे. तरीही कुठे अत्याचार झाला की समेटाचा कागद पुढे सरकवला जातोच : ‘आधी सही करा, बाकीचे नंतर बघू.’ अशा वेळी आम्ही कार्यकर्त्यांनी विचारायचे ते एवढेच : गुन्हा नोंदवला का, त्याची प्रत हातात आहे का, साक्षीदारांना संरक्षण आहे का, पुनर्वसनाचा लेखी आदेश निघाला का? आणि या चारांची उत्तरे मिळाली तरी गुन्हा मागे घेण्याच्या कागदावर सही करायची नाही.

बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा जुलै २०१७ मध्ये लागू झाला. मागणी १९३० ची होती.