रामशेज टिकला कशावर?

वेढ्याच्या चित्रपटाचा साचा साऱ्या जगाला पाठ झाला आहे. जागा चहूबाजूंनी बंद, बाहेर शत्रू, आत मोजकी माणसे आणि सगळ्यांचे प्राण एका वीराच्या मनगटावर. 1988 सालच्या ‘डाय हार्ड’मध्ये ती जागा एक उंच इमारत होती, आपल्याकडे ती गड असते. बाबूराव पेंटरांनी 1923 मध्ये ‘सिंहगड’ पडद्यावर आणला, तिथपासून ‘फर्जंद’, ‘तान्हाजी’ आणि ‘पावनखिंड’पर्यंत मराठ्यांच्या इतिहासावरचे चित्रपट बहुधा एका रात्रीच्या धाडसाभोवती गुंफले गेले. त्या धाडसाचे मोल कमी न करताही एक गोष्ट ठामपणे मांडायला हवी. गड लढतो तो आतल्या माणसांच्या बळावर. पण तो किती काळ लढेल, हे तटाबाहेर काय चालले आहे यावर ठरते. याचा पुरावा नाशिकच्या उत्तरेला, शहरापासून साधारण पंधरा किलोमीटरवर, दिंडोरी तालुक्यात उभा आहे. तो म्हणजे रामशेज.

बागलाणातल्या साल्हेर-मुल्हेरसारखा हा गड उंच किंवा दुर्गम नाही. 1681 च्या अखेरीस औरंगजेब दक्षिणेत उतरला आणि 1682 मध्ये त्याने शहाबुद्दीनखानाला रामशेजवर पाठवले. काम काही दिवसांचे वाटत होते, त्याला वर्षे लागली. मुघल इतिहासकार खाफीखान लिहितो की गडावर धातूच्या तोफा नव्हत्या, म्हणून किल्लेदाराने लाकडाच्या तोफा करवल्या, त्यांना कातडे लावले आणि त्यांनी मोठ्या तोफांचे काम केले. मुघलांनी सुरुंग पेरले, तटाशी बरोबरी करणारा लाकडी दमदमा उभारला, तरी गड हलला नाही. शहाबुद्दीनखानाच्या जागी खानजहान बहादूर आला. त्याने एका बाजूला हल्ल्याचा गलबला उडवून दुसऱ्या बाजूने निवडक माणसे दोरांनी चढवण्याचा बेत केला, मांत्रिकाला सोन्याचा नाग देऊन पुढे धाडण्यापर्यंत मजल मारली, आणि अखेर हात हलवत परत गेला. त्यानंतर कासिमखान किरमाणीचेही काही चालले नाही.

मग एवढासा गड टिकला कसा? शिबंदी शूर होती, हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. शूर शिबंदी चाकणलाही होती. 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे सुमारे दोन महिने चाकण लढवला. सुरुंगाने बुरूज उडाल्यावरही झुंज सोडली नाही. पण कुमक आली नाही आणि चाकण पडला. कुमक येणे शक्यच नव्हते. त्याच सुमारास शिवाजी महाराज स्वतः पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते. तो वेढा बाहेरून फोडण्याचा नेताजी पालकरांचा प्रयत्न फसला, म्हणूनच जुलैमधल्या त्या विलक्षण रात्री महाराजांना वेढ्यातून निसटावे लागले आणि पाठलाग रोखण्यासाठी बाजीप्रभूंना खिंड लढवावी लागली. पुढे पन्हाळाही आदिलशाहीकडे गेला. रामशेजच्या बाबतीत चित्र उलटे होते. संभाजी महाराजांनी रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांना गडाच्या मदतीला पाठवले आणि त्यांनी वेढा घालणाऱ्यांनाच सतावले. मुघलांना एकाच वेळी दोन आघाड्यांवर लढावे लागले. वेढा देणाऱ्या फौजेलाही धान्य, वैरण, दारूगोळा लागतो. तिच्या पाठीवर सतत घाव बसू लागले की कोंडणारा आणि कोंडलेला यांतला फरक पुसट होत जातो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. श्रेय असे बाहेर वाटले तर गडावरच्या माणसांवर अन्याय होत नाही का? माझ्या मते होत नाही. उलट त्यांचे कर्तृत्व नेमके कशात होते ते कळते. खानजहानचा दोरांचा बेत फसला, कारण किल्लेदार गलबल्याला भुलला नाही. हल्ल्याच्या बाजूला त्याने आरडाओरडा चालू ठेवला आणि खरी माणसे दोरांच्या वाटेवर गुपचूप बसवली. वर्षानुवर्षे, पावसाळ्यामागून पावसाळे, पहारा ढिला पडू न देणे हे रणात एकदा तलवार उपसण्याइतकेच अवघड आहे. दुसरा आक्षेप पुराव्यावर घेता येईल. खाफीखानाने हे बऱ्याच वर्षांनी लिहिले आणि त्याला किस्से रंगवण्याची हौस होती. नागाची गोष्ट त्यामुळे जपूनच घ्यावी. पण मराठ्यांविषयी कडवटपणे लिहिणारा हा माणूस शत्रूच्या किल्लेदाराची दक्षता आणि आपल्या सरदारांची फजिती मान्य करतो, तेव्हा ते शब्द वजनदार ठरतात.

गड किती टिकेल हे बाहेरची परिस्थिती ठरवते; रामशेज शेवटी मुघलांकडे गेला तोही याच नियमाने. सुमारे साडेपाच वर्षांनी, 1687 च्या आसपास, मुल्हेरचा मुघल किल्लेदार नेकनामखान याच्यामार्फत पैसा आणि वाटाघाटींनी गड घेतला गेला. तोपर्यंत बाहेरचे जग बदलले होते. 1686 मध्ये विजापूर पडले, 1687 मध्ये गोवळकोंडा पडला, आणि तोही फितूर सरदाराने आतून दरवाजा उघडल्यामुळे. दोन राज्ये बुडाल्यावर औरंगजेबाचा सारा भार मराठ्यांवर येणार हे उघड होते. हा शेवट अभिमानाला टोचतो म्हणून अनेकदा गोष्टीतून गाळला जातो. तो गाळू नये. पैशाने गड घ्यावा लागणे ही तोफांच्या पराभवाची कबुलीच आहे.

दोन-अडीच तासांत साडेपाच वर्षे मावत नाहीत, असे चित्रपट करणारे म्हणतील. पण कोठारातले घटते धान्य, टाक्यांतले पाणी, बदलत जाणारे मुघल सरदार आणि डोंगराआडून येणारी कुमक हे सारे पडद्याला पेलणारे आहे. दादासाहेब फाळक्यांचा जन्म याच जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरला झाला आणि 1917 चा ‘लंकादहन’ त्यांनी नाशिकमध्ये घडवला. त्या शहराने रामशेजची गोष्ट पुरी मागावी: वर झुंजणाऱ्या शिबंदीची, तिला एकटे पडू न देणाऱ्या राज्याची आणि ते पाठबळ सुटल्यावर काय होते याचीही. एकट्या वीराची गोष्ट आपल्याला स्फूर्ती देते. माणसे संकटात टिकतात कशी, हे मात्र रामशेज शिकवतो.