रमाबाई, पंडिता
(२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२). ख्रिस्ती श्रद्धेच्या बळावर निराधार स्त्रियांना स्वाभिमानाने उभे करणाऱ्या संस्कृत विदुषी व समाजसुधारक. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येने दुष्काळात आईवडील गमावले. १८८० मध्ये बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. दोनच वर्षांत वैधव्य आले. पदरी तान्ही मुलगी मनोरमा होती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे फुलहॅम येथील आश्रमात समाजाने टाकलेल्या स्त्रियांची मायेने सेवा होताना त्यांनी पाहिली. येशू आणि विहिरीवरील शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा त्यांच्या मनाला भिडली : जिला सारे टाळत, तिच्याशी प्रभू स्वतःहून बोलला. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

भारतात परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवा व मुलींसाठी ‘शारदा सदन’ काढले व पुढे ते पुण्यास हलले. तेथील मुलींच्या धर्मांतराच्या आरोपांमुळे अनेकांनी पाठ फिरवली, तरी रमाबाई डगमगल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी मुली-स्त्रियांना आणून त्यांनी केडगावच्या ‘मुक्ती’ आश्रमात आसरा दिला. शेती, विणकाम, छपाई अशी कामे तेथे शिकवली जात. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे आश्रमातील स्त्रियांनीच जुळवले. कालपर्यंत ओझे ठरलेल्या हातांना हा मान मिळाला, हेच त्यांच्या श्रद्धेचे खरे फळ होय.

१९२१ मध्ये मनोरमेचे निधन झाले. हा घाव सोसून त्यांनी अखेरपर्यंत भाषांतराचे काम चालू ठेवले.