अमली द्रव्यांची परीक्षा आणि चतुर्ध्रुवी यंत्राची निवड

मर्यादित द्रव्यबळ असलेल्या प्रयोगशाळेने अमली द्रव्यांच्या परीक्षेसाठी कोणता द्रव्यमान-वर्णपटमापक घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ हिशेबाचा वाटतो. तथापि या यंत्राचा इतिहास पाहिला म्हणजे त्याच्या मुळाशी पुराव्याच्या विश्वसनीयतेचा प्रश्न आहे, असे दिसून येते. परीक्षेच्या एका निकालावर माणसाची उपजीविका अवलंबून असू शकते, हे येथे विसरता येत नाही.

ॲस्टनने १९१९ मध्ये केंब्रिज येथे आपले यंत्र बांधले, तेव्हापासून कित्येक वर्षे आयनांचे पृथक्करण मुख्यत्वे चुंबकीय व विद्युत् क्षेत्रांच्या साहाय्याने होत असे. ही यंत्रे सूक्ष्मभेदी खरी. परंतु अवजड, खर्चिक आणि निष्णात चालकावाचून निरुपयोगी. १९५३ मध्ये बॉन येथील वोल्फगांग पाउल व हेल्मुट श्टाइनवेडेल यांनी चार समांतर दांड्यांवर स्थिर व रेडिओ-कंप्रतेचा विद्युत्-दाब एकत्र लावून आयन निवडण्याची रीत मांडली. तीत चुंबकाची गरजच उरली नाही. १९६७ मध्ये रॉबर्ट फिनिगन यांनी स्थापन केलेल्या कंपनीने असे यंत्र वायुवर्णलेखनास जोडून बाजारात आणले.

चतुर्ध्रुवी यंत्र साधारणतः एका एककाने भिन्न असलेली द्रव्यमानेच वेगळी दाखविते. मग ते पुरेसे कसे ठरले? याचे उत्तर प्रश्नाच्या स्वरूपात आहे. येथे अज्ञात रेणूची रचना शोधावयाची नसते; मोजक्या, ज्ञात द्रव्यांपैकी एखादे नमुन्यात आहे काय, एवढेच ठरवावयाचे असते. वर्णलेखनातील ठरावीक काल, निवडक आयनांचे परस्परप्रमाण आणि ड्यूटेरियमयुक्त अंतर्गत प्रमाणद्रव्य या तिहींची साक्ष जुळली, म्हणजे निष्कर्षास बळ येते. १९८८ मध्ये अमेरिकेच्या संघराज्य सरकारने कर्मचाऱ्यांच्या परीक्षेसाठी केलेल्या नियमांत प्रथम प्रतिपिंडांवर आधारलेली चाळणी आणि नंतर वायुवर्णलेखन-द्रव्यमानमापनाने खातरजमा, असा क्रम बंधनकारक झाला.

परंतु या पद्धतीची कसोटी लवकरच लागली. १९९० च्या सुमारास असे आढळून आले की, सर्दीच्या औषधांतील एफेड्रिन व स्यूडोएफेड्रिन विपुल असल्यास नमुन्यावरील रासायनिक प्रक्रियेत व यंत्राच्या तप्त प्रवेशमुखात त्यांतून अल्पसे मेथॲम्फेटामिन निर्माण होऊ शकते. वर्णपटमापकाने दिलेली साक्ष खोटी नव्हती. जे द्रव्य त्याच्यापर्यंत पोचले तेच त्याने दाखविले. दोष त्याच्या आधीच्या पायरीत होता. म्हणून अधिक महाग यंत्र हा त्यावरील उपाय ठरला नाही. शरीरात मेथॲम्फेटामिनपासून बनणारे ॲम्फेटामिनही दर मिलिलिटरला किमान २०० नॅनोग्रॅम असल्याखेरीज निकाल होकारार्थी मानू नये, असा दंडक घालण्यात आला.

प्रतिबिंबरूप रेणूंबाबतही हेच म्हणता येते. नाकात ओढावयाच्या काही औषधांतील वामावर्ती मेथॲम्फेटामिन आणि त्याचे दक्षिणावर्ती रूप यांचे द्रव्यमान एकच. त्यांचा भेद दाखविण्यास योग्य स्तंभ वा अभिकारक लागतो. यंत्राची किंमत कितीही वाढविली तरी ती उणीव भरून निघत नाही.

अमेरिकेच्या २००८ च्या सुधारित नियमांनी द्रववर्णलेखनास जोडलेल्या यंत्रांनाही वाट मोकळी केली, आणि निवडीचे क्षेत्र विस्तारले. तरी या इतिहासातून निघणारा निष्कर्ष बदलत नाही. प्रयोगशाळेने प्रथम आपला प्रश्न निश्चित करावा, त्यास पुरेल एवढेच यंत्र घ्यावे, आणि वाचलेले द्रव्य प्रमाणद्रव्ये, नमुन्यांची पूर्वसिद्धता व चालकाचे शिक्षण यांवर वेचावे. कारण निकालाविरुद्ध दाद मागणाऱ्यास उत्तर द्यावे लागते ते यंत्राला नव्हे, प्रयोगशाळेला.